साडेपाच महिन्यांची लेक रात्री दर तासाला उठते – सलग झोप कशी लागेल?

कराडची लेक | 22 जून, पहाटे 3:40

नमस्कार. लेक आत्ता मांडीवर झोपली आहे. खाली ठेवलं की उठेल, म्हणून तशीच बसून एका हाताने लिहितेय.

पहिले तीन महिने मी कराडला आईकडे होते. तेव्हा ती रात्री दहाला झोपली की दोनला उठायची, दूध प्यायची आणि पुन्हा पाचपर्यंत झोपायची. चौथा महिना संपता संपता सगळं फिरलं. आता साडेदहाला झोपते आणि साडेअकरा, सव्वाबारा, एक, दोन अशी उठतच राहते. प्रत्येक वेळी पाजल्याशिवाय किंवा पाळणा हलवल्याशिवाय डोळा मिटत नाही. नवरा पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळून खाली गादीवर पडतो. त्याला झोप लागून हात थांबला की ती उठते.

वजन 6 किलो 900, लसी वेळेवर. डॉक्टर म्हणाले, बाळ छान वाढतंय, या वयात उठतातच. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पुरत नाही, नाचणीचं सत्त्व सुरू कर, पोट भरलं की झोपेल. आई फोनवर सांगते, जायफळ उगाळून चाटव. शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट लागली आहे, तर रोज मीठमोहरी ओवाळून टाकतो. सगळी मायेची माणसं आहेत, माझा कुणावर राग नाही. पण पंधरा दिवसांनी रजेचे 26 आठवडे संपतात. बँकेत रोखीच्या काउंटरला बसायचंय. आणि काल गॅसवर दूध ठेवून मी ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपले.

तिला खोलीत एकटं रडत ठेवायची माझी तयारी नाही. तरीही सलग तीन-चार तास झोप लागावी म्हणून काही करता येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

पहाटपाखरू | 22 जून, पहाटे 4:15

माझा मुलगा पाच महिन्यांचा. तंतोतंत हेच चाललंय. इथेच बसते.

दुधावरची साय | 22 जून, सकाळी 9:20

अगं, आधी मनातून ही भीती काढ की तुझं काही चुकतंय. माझी दोन्ही मुलं दीड वर्षांपर्यंत रात्री दोनदा तरी प्यायला उठायची. 2018 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात आयांना विचारलं होतं, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांपैकी 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांमध्येही 28 टक्के झोपत नव्हती. आणि न झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत काही कमी दिसलं नाही. तेव्हा सहा महिन्यांत बाळ रात्रभर झोपलंच पाहिजे हे कुणी डोक्यात घातलं असेल तर ते काढून टाक.

माझं मत स्पष्ट आहे: बाळ उठलं की जवळ घ्यायचं. जे काही करशील ते तिला घाबरवून करू नकोस एवढंच.

नाशिकची सिस्टर | 22 जून, दुपारी 2:45

मी बालरोग विभागात 19 वर्षं परिचारिका आहे, आणि दोन मुलांची आई. जरा लांब लिहिते.

चौथ्या महिन्यात बिघडलं असं तुम्ही लिहिलंय. ते बिघडलेलं नाही, मेंदू मोठा झालाय. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चुळबुळीची असते. डोळे पापणीआड फिरतात, हातपाय हलतात, मधेच हुंकार येतो. तीन-चार महिन्यांत झोपेची घडण मोठ्या माणसासारखी होऊ लागते. गाढ, मग उथळ, मग पुन्हा गाढ. आपलं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, बाळाचं जेमतेम तासाभराचं. दोन आवर्तनांच्या सांध्यावर प्रत्येक जण थोडा जागा होतो. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळाला तो सांधा ओलांडता येत नाही, म्हणून दर तासाला जाग.

एसटीत बसल्या बसल्या झोप लागते ना? गाडी खड्ड्यांतून जाते तोवर झोप टिकते, आणि स्टँडावर इंजिन बंद झालं की आपण खाडकन उठतो. तुमची लेक पाळण्याच्या झोक्यावर किंवा तोंडात दूध असताना झोपते. तासाभराने सांध्यावर येते, तेव्हा झोका थांबलेला असतो आणि दूध नसतं. तिच्या दृष्टीने गाडी थांबलेली असते. भूक प्रत्येक वेळी नसते. तासाभरापूर्वी प्यायलेलं बाळ भुकेने उठत नाही, ते झोपेची वाट विसरून उठतं.

म्हणून सगळं कसब रात्रीच्या पहिल्या झोपेत आहे. ती जशी झोपी जाईल, तशीच मध्यरात्री पुन्हा झोपायला बघेल. पण हे उद्यापासून करू नका. आधी तीन दिवस एक वही ठेवा: कधी उठली, कधी प्यायली, किती वेळ, दिवसा डुलक्या किती आणि किती वाजता. काहीही न बदलता फक्त लिहा आणि इथे टाका.

सत्त्वाबद्दल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरचंच दूध, पाणीसुद्धा नाही. इंग्लंडमध्ये 1300 बाळांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये आला. त्यात लवकर वरचं खाणारी बाळं रात्री जास्त झोपली खरी, पण फरक होता सोळा-सतरा मिनिटांचा. त्यासाठी घाई करावी असं मला वाटत नाही. पंधरा दिवसांनी सहा महिने होतीलच. तेव्हा नाचणी सासूबाईंच्या हातूनच सुरू करा, त्यांनाही बरं वाटेल.

घोरणं, श्वास मधेच थांबणं, दूध जोरात उलटणं, वजन न वाढणं, अंग खाजवत उठणं, कान ओढत रडणं यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

निवांत काकू | 22 जून, सायंकाळी 6:10

बाळा, जायफळाचं वाचलं म्हणून लिहिते. मी 71 वर्षांची आहे, चार नातवंडं माझ्या पायांवर न्हाली. माझ्या सासूबाई लालबागच्या चाळीत वाढल्या. त्या सांगायच्या, गिरणीत जाणाऱ्या बायका पाळीवर निघताना तान्ह्याला बाळगोळी द्यायच्या. त्यात अफू असायची. बाळ दिवसभर पडून राहायचं, आई साच्यावर उभी असायची. त्या बायकांना दुसरा इलाज नव्हता, त्यांना बोल लावायचा नाही. पण त्यांच्या मागच्या खोलीतलं एक मूल त्या झोपेतून उठलंच नाही, आणि ती गोष्ट सांगताना वयाच्या ऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज कापायचा. म्हणून आमच्या घरात एक नियम राहिला: बाळाला झोपेसाठी पोटात काही द्यायचं नाही.

गुटी मीही दिली, वेखंड-मुरुडशेंग उगाळून, खोटं कशाला सांगू. पण जायफळाचे वेढे मोजणारी म्हातारी आता घरात नसते. जास्त झालं तर ती झोप नसते, गुंगी असते. सहाण नीट धुतली नाही तर जुलाब वेगळेच. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये असं आता डॉक्टर सांगतात, आणि ते मी ऐकते.

नाशिकची सिस्टर | 22 जून, रात्री 8:30

काकूंना नमस्कार. यालाच जोडून: सर्दीचं औषध दिलं की छान झोपतो, असं म्हणून बाटली घरी ठेवणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं एकत्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये बाटलीवर छापायला सांगितलं. झोपेसाठी तर कुठलंच औषध नको.

जुळ्यांचा बाबा | 23 जून, रात्री 12:50

आमची जुळी साडेसात महिन्यांची झाली तेव्हा आम्ही दोघं दाराच्या चौकटीला धडकत फिरायचो. (जुळी 35 आठवड्यांनीच जन्मली, म्हणून वय मोजताना डॉक्टरांनी पाच आठवडे वजा करायला सांगितले. मुदतीआधी आलेल्या बाळांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाई होते.)

आम्ही टप्प्याटप्प्याने वाट पाहायची पद्धत वापरली. झोपायला ठेवायचं, बाहेर यायचं, रडलं तर दोन मिनिटांनी आत जाऊन थोपटायचं, मग चार मिनिटांनी, मग सहा. तिसऱ्या रात्री एक शांत झाला, सातव्या रात्री दुसरा.

दुधावरची साय | 23 जून, सकाळी 8:05

माफ करा, पण हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. रडून रडून दमलेलं बाळ शांत होतं, त्याला झोप शिकणं कसं म्हणायचं?

जुळ्यांचा बाबा | 23 जून, सकाळी 8:40

ताई, त्या दोन मिनिटांत मी दाराबाहेर घड्याळ धरून उभा होतो, बायको स्वयंपाकघरात रडत होती. सोपं नव्हतं. ॲडलेडला 43 बाळांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लाळेतला ताणाचा अंश मोजला होता. अशा पद्धतीने झोपलेल्या बाळांत तो वाढलेला आढळला नाही, आणि वर्षानंतर आईशी असलेल्या नात्यातही फरक दिसला नाही. बाळं मोजकीच होती हे मान्य. पण त्यात सहा महिन्यांखालचं एकही बाळ नव्हतं, आणि मी साडेपाच महिन्यांच्या बाळासाठी ही पद्धत सुचवत नाहीये. कराडची लेक, तुमची तयारी नाही म्हणालात तर नकोच. अर्ध्या मनाने केलं तर बाळाला नुसता गोंधळ.

दुधावरची साय | 23 जून, सकाळी 9:00

समजलं. तुम्हाला दुखावलं असेल तर मनापासून माफी. माझं मत तेच आहे.

कराडची लेक | 25 जून, रात्री 11:20

वही ठेवली. तीन दिवसांचं लिहिते, जसंच्या तसं.

सकाळी साडेआठला उठते. दिवसा चार डुलक्या, त्यातल्या तीन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. चौथी संध्याकाळी साडेसहा ते आठ, पाळण्यात, गाढ. चाकणहून नवरा साडेनऊला येतो, मग हसणं-खिदळणं, ट्यूबलाइट, टीव्ही. साडेदहाला डोळे चोळून रडायला लागते, पाजून निजवते. रात्रीत सरासरी आठ वेळा उठली. दूध आठही वेळा पाजलं, पण खरं गिळल्याचा आवाज दोनदाच आला: दीडच्या आणि साडेचारच्या सुमाराला. बाकी नुसती तोंडात धरून झोपली. दिवसा मात्र पाच-पाच मिनिटांतच तोंड काढते. पंखा बघते, कुकरची शिट्टी झाली की मान वळवते.

लिहिताना माझ्याच लक्षात आलं की ती दिवसाचं दूध रात्री पितेय.

नाशिकची सिस्टर | 26 जून, दुपारी 3:00

बरोबर पकडलंत. पाचव्या महिन्यात जग इतकं रंगीत दिसायला लागतं की दिवसा प्यायला फुरसत नसते. उपाय साधा आहे: दिवसा पाजताना आतली खोली, पडदा ओढलेला, फोन बाहेर, कुणी बोलायला यायचं नाही. दोन-अडीच तासांनी पाजत राहा.

दुसरी गोष्ट संध्याकाळची ती दीड तासाची झोप. ती तुमच्या रात्रीची चोरी आहे. शेवटची डुलकी साडेपाचपर्यंत संपवा, आणि रात्रीची झोप साडेदहाला नाही, आठच्या आसपास लावा. घरच्यांना उलटं वाटेल. उशिरा झोपवलं तर दमून जास्त झोपेल असा सगळ्यांचा समज असतो, पण फार दमलेलं बाळ चिडतं आणि तुटक झोपतं. या वयात सलग दोन ते अडीच तासांपेक्षा जास्त जागं ठेवू नका.

सकाळी सातला उठवा आणि गच्चीवर किंवा गॅलरीत उजेडात न्या, पावसाळी आभाळ असलं तरी. शरीराचं घड्याळ तिसऱ्या महिन्यापासून लागायला लागतं आणि त्याला किल्ली उजेडाची असते. संध्याकाळी सातनंतर ट्यूबलाइट बंद, एक मंद दिवा.

मग क्रम: कोमट पाण्याने अंग पुसणं, थोडं तेल, कपडे, दूध, आणि दुधानंतर अंगाई. हा शेवटचा क्रम महत्त्वाचा. दूध आणि झोप यांच्यामध्ये पाच मिनिटांचं गाणं घालायचं. पापण्या जड झाल्या, पण डोळे उघडे आहेत, अशा वेळी खाली ठेवायचं. रडली तर छातीवर हात ठेवायचा, थोपटायचं, तोंडाने शूऽऽ करायचं. नाही थांबली तर उचलायचं, शांत झाली की पुन्हा ठेवायचं. एकटं सोडायचं नाही.

आणि रात्री हुंकारली की लगेच झेप घेऊ नका. मनात शंभर मोजा. कितीतरी वेळा तो सांध्यावरचा हुंकार असतो, आपण उचलून तिला पूर्ण जागं करतो. दीड आणि साडेचारचं दूध मात्र द्या. या वयात एक-दोनदा पिणं रास्त आहे.

स्टॉकहोमकर | 26 जून, रात्री 10:30

उजेडावरून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे आत्ता सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेतीनला हजर. मुलगा पाच महिन्यांचा होता तेव्हा खिडकीला जाड काळं कापड लावलं, त्या आठवड्यापासून तो पहाटे चारऐवजी सहाला उठायला लागला. (इथे आईबाप मिळून 480 दिवसांची रजा असते, तरी मी थकलो होतो. सहा महिन्यांत काउंटरला बसायचं म्हणजे काय, याची मला कल्पनाही करवत नाही.)

एक काळजीचं. ती कुठे झोपते ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही. कापडी झोळीचा पाळणा असेल तर त्यात हनुवटी छातीला टेकते, आणि उपडं व्हायला लागलेलं बाळ त्यात असणं धोक्याचं. इथे पहिल्या दिवसापासून सांगतात: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, तोंडाजवळ काही नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात, आणि निदान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या जागी, असं म्हणतात. गोधडी, लोड, खेळणी आणि आपली ती डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशी, सगळं बाहेर. माझ्या आईने ती उशी नागपूरहून हौसेने शिवून आणली होती. तिला सांगताना मला फार जड गेलं, पण सांगितलं.

कराडची लेक | 27 जून, सकाळी 7:10

पाळणा झोळीचाच आहे. आणि ती चार दिवसांपासून उपडी होतेय. अंगावर काटा आला वाचून. गळ्यात काळा दोरासुद्धा आहे, तो आत्ता काढला. रात्री दुपट्यात घट्ट गुंडाळत होते, तेही आजपासून बंद ना?

नाशिकची सिस्टर | 27 जून, सकाळी 7:25

हो, उपडी व्हायला लागली की गुंडाळणं बंद. हात मोकळे. पहिल्या दोन रात्री दचकेल, मग सवय होते. पाळणा दिवसा, तुम्ही समोर बसलेल्या असताना, खेळायला चालेल. रात्री नाही. तिच्यासाठी तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर पातळ, घट्ट गादी आणि वर मच्छरदाणी. पाठीवर ठेवा. स्वतःहून दोन्ही बाजूंनी वळता यायला लागलं की झोपेत ती वळली तर पुन्हा पुन्हा सरळ करत बसायची गरज नसते.

कराडची लेक | 1 जुलै, रात्री 9:50

तीन रात्री झाल्या. खरं सांगते, पहिली रात्र कठीण गेली. आठला खाली ठेवलं, पन्नास मिनिटं लागली. आठ-नऊ वेळा उचललं असेल. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, दे माझ्याकडे, मी घेते पायांवर, कशाला लेकराचे हाल." मला रडू आलं. मग नवऱ्यानेच त्यांना बाहेर नेऊन बसवलं आणि वही दाखवली, आठ वेळा उठल्याची. त्या बराच वेळ ती वही बघत होत्या. नंतर म्हणाल्या, तू रात्रीतून इतक्यांदा उठतेस हे मला माहीतच नव्हतं, माझी झोपेची गोळी असते.

दुसऱ्या रात्री तीस मिनिटं. उठली सहा वेळा. काल नवऱ्याने साप्ताहिक सुट्टी असल्याने ठेवलं, मी दुसऱ्या खोलीत. त्याच्याकडे ती अठरा मिनिटांत झोपली. बहुतेक माझ्या अंगाला दुधाचा वास येतो म्हणून माझ्याकडे जास्त मागते.

एक अडचण: तो साडेनऊला येतो, आता ती झोपलेली असते. त्याला लेक जागी भेटत नाही. काल सुट्टीचा दिवस संपताना तो काही बोलला नाही, पण चेहरा पडला होता.

जुळ्यांचा बाबा | 1 जुलै, रात्री 10:40

हे बापालाच कळतं. मी सकाळ माझ्या नावावर करून घेतली. साडेसहाला उठून दोघांना घेऊन गच्चीवर, तासभर. मालिशही मीच करायचो. त्यांना सांगा, सकाळचा उजेड दाखवायचं काम त्यांचं. तुम्हाला त्या वेळात तासभर झोप मिळेल.

पहाटपाखरू | 3 जुलै, दुपारी 1:30

आमच्याकडे फक्त संध्याकाळची डुलकी काढली आणि दिवसा अंधाऱ्या खोलीत पाजलं. बाकी काही बदललं नाही. सात वेळाऐवजी चार वेळा उठतोय. मी याच्यावरच थांबणार आहे, मला जवळ घेऊन झोपवायला आवडतं.

दुधावरची साय | 3 जुलै, दुपारी 1:45

हे वाचून किती बरं वाटलं.

कराडची लेक | 6 जुलै, पहाटे 2:20

परवा सलग चार तास वीस मिनिटं झोपली! आठ दहा ते साडेबारा. माझाच डोळा लागेना, तीनदा उठून तिचा श्वास बघितला. पण काल पुन्हा सहा वेळा. आज लाईट गेली, पंखा बंद, घामाने उठली. आता झोपलीय आणि मी जागी आहे. छातीत धडधडतं. नोकरीचा विचार आला की श्वास पुरत नाही. हे इथे लिहावं की नाही कळत नाहीये.

निवांत काकू | 6 जुलै, पहाटे 4:50

इथेच लिही बाळा. मी उठलेय, चहा ठेवलाय.

नाशिकची सिस्टर | 6 जुलै, सकाळी 6:40

लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळ झोपल्यावरही आईला झोप न येणं, छातीत धडधड, सारखा श्वास तपासावासा वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नुसत्या जागरणाचं नसतं. बाळंतपणानंतरची चिंता किंवा उदासी असू शकते आणि तिला उपचार आहेत, दूध पाजत असतानाही घेता येणारे. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना या आठवड्यात भेटा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, मराठीत बोलता येतं.

आणि आज रात्री तिला पहिल्यांदा जाग येईपर्यंतची जबाबदारी नवऱ्याची. तुम्ही नऊला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. बाळाच्या झोपेइतकीच तुमची मोजायला हवी, वहीत एक रकाना स्वतःसाठी करा.

लाईट गेली की झोप तुटणारच. तो दिवस हिशेबात धरू नका. सुती पातळ झबलं, डोक्याला काही नाही. मान आणि पाठ चाचपून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झालेत.

कराडची लेक | 19 जुलै, रात्री 9:15

उशिरा लिहितेय. डॉक्टरांकडे जाऊन आले. हिमोग्लोबिन 9.1 निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. एका समुपदेशक ताईंशी दोनदा बोलले. धडधड कमी आहे.

11 तारखेला बँकेत रुजू झाले. दूध काढून ठेवते, सासूबाई वाटी-चमच्याने पाजतात. सिस्टर, रात्री काढलेल्या दुधाची वेगळी खूण करतो आणि ते संध्याकाळीच देतो. रात्रीच्या दुधात झोप आणणारा अंश असतो हे तुम्ही मला निरोपात सांगितलं होतं, ते सासूबाईंना सगळ्यात जास्त पटलं. त्या आता शेजारी सगळ्यांना सांगतात.

नाचणी सुरू झाली. सत्त्व त्यांनीच केलं, मोड आणून, वाळवून, वस्त्रगाळ.

कालची रात्र: आठ पाचला ठेवली, तेरा मिनिटं, एकदाही उचललं नाही. पावणेदोनला प्यायली. पाच वीसला प्यायली. साडेसहाला बाप घेऊन गेला. मी पावणेदोनच्या आधी सलग साडेचार तास झोपले. सकाळी आरशात मला माझा चेहरा ओळखीचा वाटला.

स्टॉकहोमकर | 19 जुलै, रात्री 11:00

शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना माझ्याकडून एक मिठी.

कराडची लेक | 28 ऑगस्ट, दुपारी 4:30

पुन्हा एक प्रश्न घेऊन आलेय. मधे दात येताना चार रात्री वाईट गेल्या, पण आपोआप पूर्ववत झालं. आता गणपतीला पाच दिवस कराडला जायचंय. घरात पंधरा माणसं, रात्री आरत्या, आणि आईने माळ्यावरचा सागवानी पाळणा धुऊन-पुसून ठेवलाय. तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतंय. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल का?

निवांत काकू | 28 ऑगस्ट, सायंकाळी 5:15

पाळण्यात दुपारी घाल आणि आईला दोरी दे. रात्री गादीवर. आईला असंच सांग, दुपार तुझी. ती रागावणार नाही.

नाशिकची सिस्टर | 28 ऑगस्ट, रात्री 8:00

पाच दिवसांत थोडं विस्कटेल, विस्कटू द्या. परत आल्यावर त्याच क्रमाने लागलात की तीन-चार रात्रींत जागेवर येईल. जमलं तर तिथेही दूध, मग गाणं, मग गादी, एवढं राखा, वेळ नऊची झाली तरी चालेल. आणि तिच्या गादीवरची चादर न धुता तशीच सोबत न्या, तिथे घट्ट खोचा. नव्या घरात तिला तोच वास पुरतो.